नितळ

तळ दिसायचा.
बारा मीटर खालचा दगड, त्यावरची पांढरी रेघ,
आजोबांच्या हातून निसटलेला पितळी चमचा,
लोमवात्नच्या पाण्यात सगळं दिसायचं.
उन्हाळ्यात जर्मन पाहुणे होडीतून वाकून म्हणायचे,
काय हे पाणी!
आणि आस्लाककाका वल्हं मांडीवर आडवं ठेवून
असा हसायचा,
जणू रात्री त्यानंच घासून ठेवलंय.

त्याआधीची काही वर्षं
जाळ्यात मासे कमी, पण मोठे येत गेले.
हातभर लांब ट्राउट.
काका म्हणाला, बरकत आली.
पिल्लं कुठायत, हे कुणी विचारलं नाही.
भरल्या ताटावर बसून कोण मोजतं
कोण जेवायला आलं नाही ते?

मग एका ऑक्टोबरात जाळं कोरडं आलं.
कोरडं म्हणजे ओलंच,
पण नुसतं पाण्यानं.

मी तेव्हा क्रिस्तियानसानला शिकत होते.
येताना लिटमसच्या निळ्या पट्ट्या आणल्या,
एक बुडवली.
कडेपासून लाली चढत गेली, सावकाश,
ताप चढतो तशी.

आम्ल म्हणजे देणारा, काका.
हायड्रोजनचा एक कण, सगळ्यांत लहान,
दिसेल त्याच्या पदरात टाकत सुटतो.
न मागता. नको म्हटलं तरी.
अल्क हा घेणारा.
दोघं भेटले की उरतं
थोडं मीठ, थोडं पाणी, जराशी ऊब.

"मग देणारा वाईट कसा?"

याचं उत्तर पुस्तकात नव्हतं.
मी आकड्यांकडे वळले:
सामू सात म्हणजे ना इकडचं ना तिकडचं.
आपलं तळं साडेचारवर.
"अडीचच की!"
एकेक पायरी दहापट असते, काका.
त्यानं बोटं उघडली, मोजायला लागला,
तीनशेच्या आसपास मूठ मिटली.

धूर आमचा नव्हता.
समुद्रापलीकडे चिमण्या उंच बांधल्या होत्या,
तिथल्या पोरांना खोकला होऊ नये म्हणून.
उंचावरचा धूर लांब जातो.
आणि आमचा डोंगर ग्रॅनाइटचा, त्याला घेणं ठाऊक नाही.
जे पडलं ते तसंच खाली उतरलं,
वाटेत मातीतलं ॲल्युमिनियम सोबत घेऊन,
आणि माशांच्या कल्ल्यांत जाऊन बसलं.

नगरपालिकेची गुन्वोर चुनखडीची होडी घेऊन आली
तेव्हा काका काठावर पाठ करून उभा राहिला.
पिठासारखी भुकटी. पोत्यामागून पोतं.
दुपारपर्यंत तळं ताकासारखं.
"नासवलंत," एवढंच म्हणाला,
आणि गुन्वोरला कॉफी विचारली नाही,
जी आमच्याकडे वैऱ्यालाही विचारतात.

भुकटी खाली बसली. आकडा वर आला.
पण हे एकदा घेऊन भागणारं औषध नाही,
मिठाच्या बरणीसारखं आहे,
संपलं की पुन्हा भरायचं.
दर जूनमध्ये होडी येते.
चिमण्यांनी गंधक सोडणं कमी केलंय म्हणतात,
डोंगराला अजून ते कळलेलं नाही.

काल काकाला घेऊन गेले होते. चौऱ्याऐंशीचा आहे.
मी बाटली भरत होते,
तो काठावरून वाकून चमचा शोधत होता.
पाण्यात हिरवट काहीतरी तरंगत होतं,
गोगलगाई, शेवाळ, कसलीशी अंडी.
दोन हातांखाली काही दिसेना.

"नाही दिसत," तो म्हणाला.
मग बराच वेळ वाकूनच राहिला.
"बरं झालं."

वहीत लिहिलं: सामू ५.९, वारा नैर्ऋत्येचा.
त्यानं पेन मागून घेतलं
आणि थरथरत्या अक्षरात खाली भर घातली:
पिल्लं आहेत.
मोजता आली नाहीत, हलत होती.